चिमटे, ट्यूब आणि टूथपेस्ट

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. इकडे आलेल्या वडीलधाऱ्यांचा दिवस कसा जातो, हे आपल्या वाचकांना निराळं सांगायला नको. आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत आणि बाहेर पडायचं तर गाडी चालवता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आमचं गॅरेज आवरायला घेतलं आणि तिथे त्यांना माझी डायव्हिंगची पिशवी सापडली.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा पिशवीतला सगळा ऐवज टेबलावर मांडून ठेवलेला होता. कपडे वाळत घालायचे बारा प्लास्टिकचे चिमटे. सायकलच्या ट्यूबचे कापलेले गोल तुकडे. टूथपेस्टची अर्धी पिळलेली नळी, लहान बाळाच्या शॅम्पूची बाटली, मेणाचा खडा, प्लास्टिकचे पट्टे, सुतळीसारख्या नायलॉन दोरीची गुंडी.

"हे चिमटे मी तुळशीबागेतून आणले होते ना? इथे ड्रायर आहे म्हणून वापरत नसाल असं वाटलं होतं. तुम्ही समुद्रात धुणं वाळत घालता की काय?" आम्ही सगळे हसलो. पण जेवताना त्यांनी गंभीरपणे विचारलं, "अहो, खाली श्वास त्या यंत्रावर. मग जिथे जिवाशी गाठ, तिथे असल्या चार आण्याच्या वस्तू कशाला? चांगलं सामान घ्यायला पैसे नाहीत असं तर नाही ना?"

मी तेव्हा दिलेलं उत्तर फारच त्रोटक होतं. मी शिक्षणाने इंजिनियर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि गेली काही वर्षं सुटीच्या दिवशी फ्लोरिडाच्या झऱ्यांतल्या गुहांमध्ये बुड्या मारतो. आईंच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर पाण्याखाली जाण्याचा इतिहासच सांगावा लागतो, कारण तो सुरुवातीपासून घरगुती वस्तूंनीच भरलेला आहे. म्हणून हा लेख.

आखाती देशांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना मोत्यांसाठी बुडणाऱ्यांची साधनं तिथल्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. नाक बंद करायला शिंगाचा किंवा कासवाच्या पाठीचा चिमटा, शिंपले उपटताना बोटं फाटू नयेत म्हणून चामड्याच्या टोप्या, लवकर तळाला जाण्यासाठी पायाशी बांधलेला दगड आणि गळ्यात दोरीची जाळीदार टोपली. एवढ्यावर हे लोक एका दमात खाली जात आणि दिवसभरात अशा कित्येक बुड्या मारत. मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला बहारीन-कुवेतचे मोती मुंबईत येत, तिथे त्यांना भोकं पाडून, निवडून पुढे पाठवत. आपल्या आजी-पणज्यांच्या नथीतले मोती अशाच एखाद्या नाकाला चिमटा लावलेल्या माणसाने काढलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवण्याची पद्धत आठवा. पाठीला पांगाऱ्याचा ओंडका, नाहीतर वाळलेला भोपळा, नाहीतर झाकण घट्ट लावलेला तेलाचा डबा. मला आजोळी डबा बांधला होता. विहिरीतच आम्ही पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखाली श्वास घ्यायचा प्रयोग करत असू. वीतभर खाली जमायचं, हातभर खाली नाही. देठ बारीक आहे म्हणून जमत नाही, मोठा पाइप हवा, असं तेव्हा वाटायचं. खरं कारण पुढे भौतिकशास्त्रात कळलं. एक मीटर खोलीवर छातीवर पाण्याचा जो दाब असतो, त्याला ढकलून वरची हवा आत ओढण्याची ताकद माणसाच्या बरगड्यांत नाही. हवा जर खाली घ्यायची असेल तर ती पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने मिळाली पाहिजे. डायव्हिंगच्या साधनांची सगळी खटपट या एका वाक्यासाठी आहे.

ही खटपट समुद्रात नव्हे, आगीत सुरू झाली. इंग्लंडच्या चार्ल्स डीन याने १८२३ मध्ये धुरात शिरण्यासाठी तांब्याच्या टोपाचं पेटंट घेतलं. टोपाला नळी जोडायची आणि भात्याने हवा सोडायची. त्याचा भाऊ जॉन याच्याबद्दल व्हिटस्टेबल गावात एक आख्यायिका आहे. एका तबेल्याला आग लागली, आत घोडे अडकले. जॉनने घरात शोभेला ठेवलेल्या चिलखताचा शिरस्त्राण-टोप डोक्यावर चढवला, आगीच्या बंबाची पाण्याची नळी त्यात सरकवली, पंपाने पाण्याऐवजी हवा मारायला लावली आणि घोडे बाहेर काढले. गोष्ट खरी असो वा रचलेली, डीन बंधूंचा धुराचा टोप लवकरच पाण्यात गेला, ऑगस्टस सीबने तो कारखान्यात बनवला, आणि १८३६ मध्ये डीन बंधूंनी 'मेरी रोझ' या बुडालेल्या युद्धनौकेवरच्या तोफा वर काढल्या.

अमेरिकेत ही टोपाची कल्पना घराघरांत शिरली. १९३० च्या दशकात हौशी मासिकं पाणी तापवायच्या जुन्या बंबापासून टोप कसा कापायचा याच्या आकृत्या छापत. मिसुरीच्या बूनव्हिल गावातल्या बिल आणि बॉब माइस्ट्रेल या जुळ्या भावांनी लहानपणी भाजीच्या मोठ्या डब्याला काच बसवून असा टोप बनवला आणि गावच्या तळ्यात उतरले. वर उभा राहिलेला भाऊ पंप मारतो आणि खालचा श्वास घेतो, यात भावाभावांच्या प्रेमाची केवढी परीक्षा! ते दोघे १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात 'डाइव्ह एन सर्फ' या दुकानात भागीदार झाले, आणि पुढे 'बॉडी ग्लव्ह' नावाची कंपनी त्यांनीच काढली.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती फ्रान्समधल्या तूलाँ बंदराजवळची तीन माणसं: झाक कूस्तो, फिलिप ताइये आणि फ्रेडरिक द्युमा. पहिले दोघे नौदलाचे अधिकारी, तिसरा पट्टीचा भाले-मच्छीमार. १९३६ मध्ये एका रविवारी कूस्तोने डोळ्यांना गॉगल लावून समुद्रात मान घातली आणि त्याचं आयुष्य बदललं. पण बाजारात तयार असं काही नव्हतंच. ताइयेने बागेला पाणी घालायच्या रबरी नळीपासून श्वासनळी बनवली. गॉगलच्या दोन वाट्या खोल गेल्यावर दाबाने डोळ्यांत रुतत, म्हणून नाकही आत घेणारा एकसंध काचेचा मास्क आला. नाकाने किंचित हवा सोडली की आतला दाब बाहेरच्याबरोबर होतो. युद्धाच्या दिवसांत सिनेमाची फिल्म मिळेना, तेव्हा या मंडळींनी स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी विकली जाणारी ३५ मिलिमीटरची छोटी रिळं विकत घेतली, अंधारात एकमेकांना चिकटवली आणि १९४२ मध्ये पाण्याखालचा लघुपट काढला. कॅमेऱ्याची जलरोधक पेटी त्यांच्या एका इंजिनियर मित्राने बनवून दिली होती.

इथवर सगळं कौतुकाचं. पण याच कूस्तोने युद्धाच्या थोडं आधी आणखी एक घरगुती यंत्र करवून घेतलं होतं. त्याच्या जहाजावरच्या तोफा दुरुस्त करणाऱ्या कारागिराने विषारी वायूच्या मुखवट्यातला सोडा-लाइमचा डबा घेतला, ऑक्सिजनची एक लहान बाटली घेतली आणि मोटरसायकलच्या ट्यूबचा तुकडा घेतला. माणूस जो कार्बन डायऑक्साइड सोडतो तो सोडा-लाइम शोषून घेतो, उरलेला ऑक्सिजन ट्यूबच्या पिशवीत परत येतो, बुडबुडे नाहीत, आवाज नाही. जोडणीत काही खोट नव्हती. ट्यूब फाटली नाही, डबा गळला नाही. कूस्तो सुमारे ४५ फुटांवर गेला आणि त्याला झटके यायला लागले. शुद्ध जाण्याआधी कमरेचं शिसं सोडता आलं म्हणून तो वर तरंगला. पुन्हा सुधारणा करून त्याने दुसऱ्यांदा प्रयत्न केला, पुन्हा त्याच खोलीवर झटके. त्या काळी ४५ फुटांपर्यंत शुद्ध ऑक्सिजन सुरक्षित समजत. आज आपल्याला माहीत आहे की तो सुमारे सहा मीटरच्या म्हणजे वीस फुटांच्या खाली धोक्याचा ठरतो. पर्यायी वस्तूने दगा दिला नव्हता, माहितीने दिला होता. हा फरक इंजिनियरांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

दोनदा मरता मरता वाचल्यावर कूस्तोने ऑक्सिजनचा नाद सोडला आणि साध्या दाबलेल्या हवेकडे वळला. हवा भरलेली टाकी होतीच. हवा होती तेवढ्या दाबाने, हवी तेव्हाच देणारी झडप नव्हती. १९४२ च्या अखेरीस सासऱ्यांच्या ओळखीने तो पॅरिसमध्ये एमिल गान्याँ या इंजिनियरला भेटला. (सासरे 'एर लिकीद' या वायू बनवणाऱ्या कंपनीच्या संचालक मंडळावर होते. सासुरवाडीचा आधार शास्त्राच्या इतिहासातही असतो.) जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल नव्हतं, मोटारी स्वयंपाकाच्या गॅसवर, लाकडाच्या धुरावर चालत. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी एक बेकेलाइटची झडप गान्याँने केली होती. त्याने ती कूस्तोपुढे ठेवली. तुला असंच काहीतरी हवं आहे ना? असंच हवं होतं.

मोटारीची झडप माणसाला लावून जानेवारी १९४३ मध्ये ती दोघं मार्न नदीवर गेली. आडवं पोहताना झकास चाललं. उभं राहिलं की हवा भसाभस वाया जाई, डोकं खाली केलं की श्वास ओढता येईना. परतीच्या वाटेवर उलगडा झाला. श्वास सोडायचं तोंड आणि हवा घेण्याचा पडदा यांच्यात वीतभर अंतर होतं. वीतभर पाण्याचा दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण दीडशतांश. एवढासा फरक, पण माणसाची छाती तेवढ्यालाही अडखळते. दोन्ही शेजारी शेजारी आणली, दोष गेला. जूनमध्ये लाकडी खोक्यातून पहिला तयार संच बांदोलच्या रेल्वे स्टेशनवर आला. आज जगभर जे रेग्युलेटर तोंडात धरले जातात त्यांचं कुळ हेच. त्याचेही एक पणजोबा होते: फ्रान्समध्येच खाणीत काम करणाऱ्या रुकेरोल नावाच्या इंजिनियरने १८६० च्या दशकात, देनेरूझ या नौदल अधिकाऱ्याच्या साथीने, अशीच झडप पाण्यासाठी बनवली होती, झूल व्हर्नच्या १८७० च्या कादंबरीत तिचा उल्लेख आहे. मग मधली सत्तर-ऐंशी वर्षं लोक ती जवळजवळ विसरले.

या मंडळींची आणखी एक हकीगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २७ ऑगस्ट १९४६ ला कूस्तो आणि द्युमा आविन्यों शहराजवळच्या वोक्ल्यूज झऱ्याच्या विवरात उतरले. खाली दोघांचीही बुद्धी गोठल्यासारखी झाली. दोरीने वर निरोप कसा द्यायचा तेही आठवेना, द्युमाच्या तोंडातली नळी निसटू लागली. वर दोरी धरून बसलेल्या मोरीस फार्गने शंका आल्यावर ओढायला सुरुवात केली म्हणून दोघं जिवंत बाहेर आले. दोष टाक्यांत नव्हता, झडपेत नव्हता. हवा भरायचा नवा कंप्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढत होता. टाकीत कार्बन मोनॉक्साइड भरला गेला होता. पन्नास मीटरवर एकूण दाब सहापट, म्हणून विषाचा जोरही सहापट. ज्यांनी मोटरसायकलच्या ट्यूबवर जीव टांगला होता त्यांना बाजारातून आणलेल्या नव्या कोऱ्या यंत्राने गाठलं. त्यामुळे "चांगलं विकतचं घ्या" एवढ्यानेही भागत नाही, हे मी आईंना पुन्हा सांगितलं.

आता इंग्लंड. तिथल्या आपल्या वाचकांना हा भाग आवडावा. कूस्तोचं 'द सायलेंट वर्ल्ड' हे पुस्तक १९५३ साली आलं आणि त्याच वर्षी ऑस्कर गुगेन आणि पीटर स्मॉल यांनी ब्रिटिश सब-अॅक्वा क्लबची स्थापना केली. हौस आकाशाला टेकलेली, खिसा रिकामा. देशात रेशनिंग १९५४ पर्यंत चालू होतं. मग लोकांनी काय केलं? विमानदलाच्या भंगारातून वैमानिकांच्या ऑक्सिजनच्या टाक्या घेतल्या. त्यांचा आकार बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लासारखा, म्हणून त्यांना 'टॅडपोल' म्हणत. आणि झडप? ती आली कॅलर गॅसच्या रेग्युलेटरमधून.

कॅलर गॅस म्हणजे आपल्या भारत गॅस किंवा इंडेनचा विलायती भाऊ. आपल्या स्वयंपाकघरात सिलिंडरच्या डोक्यावर जी चकती खटकन बसते तिच्या जातीचीच वस्तू, फक्त कारखान्यात वापरायची आणि दणकट. तिच्यात एक रबरी पडदा असतो. पुढे गॅस वापरला गेला की दाब कमी होतो, पडदा आत जातो, तरफ हलते, झडप उघडते. आता पडद्याच्या बाहेरच्या बाजूला हवेऐवजी समुद्र येऊ द्या आणि शेगडीच्या जागी माणसाचं फुप्फुस ठेवा. खोली वाढेल तसं पाणी पडदा जास्त दाबतं आणि हवा तेवढ्याच जास्त दाबाने येते. गान्याँने मोटारीची झडप माणसाला दिली, इंग्रज कारागिरांनी शेगडीची दिली, तत्त्व एकच. फिटर, गॅरेजवाले, शाळामास्तर संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये बसून ही रूपांतरं करत. पुढे कॅलरच्या रेग्युलेटरची रचना बदलली आणि हा उद्योग बंद पडला. तोवर तयार माल स्वस्तही झाला होता.

या शेडमधल्या पिढीबद्दल मला आदर आहे, पण मी स्वतः गॅसचा रेग्युलेटर तोंडात धरणार नाही. त्यांना दुसरा पर्याय नव्हता, मला आहे. शिवाय गळती किती क्षुल्लक गोष्टीने होते हे त्याच क्लबच्या एका संस्थापकाच्या बाबतीत दिसलं. डिसेंबर १९६२ मध्ये पीटर स्मॉल स्विस शास्त्रज्ञ हानेस केलर याच्याबरोबर कॅलिफोर्नियात कॅटलिना बेटाजवळ एका पोलादी घंटेतून हजार फुटांवर गेला. परत येताना पायातल्या रबरी फिनचं टोक दाराच्या फटीत अडकलं, दार पूर्ण मिटेना आणि घंटेतला दाब गळू लागला. स्मॉल गेला आणि मदतीला उतरलेला क्रिस्टोफर व्हिटेकर हा कोवळा मुलगाही गेला.

थंडीसाठी लागणारा रबरी पोषाखही घरीच शिवला जाई. बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर या पदार्थवैज्ञानिकाने १९५२ च्या सुमारास दाखवून दिलं की अंग कोरडं राहण्याची गरजच नाही. रबराच्या फेसातले वायूचे बुडबुडे ऊब धरतात. त्याने त्यातून पैसा केला नाही. निओप्रीनचे तक्ते, कागदाचा बेत, गोंद आणि सांध्यावर पिवळी पट्टी, असं किट विकत घेऊन लोक स्वयंपाकघराच्या टेबलावर कापायला बसत. आतून अस्तर नसल्याने अंगात चढवायला टाल्कम पावडरचा अख्खा डबा लागे.

आता माझ्या पिशवीकडे येतो. उत्तर फ्लोरिडात चुनखडीच्या पोटात शेकडो पाण्याने भरलेल्या गुहा आहेत. पाणी काचेसारखं, वर्षभर २२ अंश. पण पायाने तळाची माती ढवळली गेली की काही सेकंदांत स्वतःचा हात दिसत नाही आणि वर छत असतं. १९६० आणि ७० च्या दशकांत इथे इतकी तरुण मुलं मेली की झरे बंद करण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. शेक एक्स्ली या गणिताच्या शिक्षकाने अपघातांचा अभ्यास करून १९७९ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं सार असं: बाहेरपर्यंत अखंड दोरी हवी, एक तृतीयांश हवा जायला आणि उरलेली दोन तृतीयांश परतायला व अडचणीला ठेवावी, फार खोल जाऊ नये. पुढे त्यात प्रशिक्षण आणि प्रत्येकाकडे किमान तीन दिवे हेही आलं.

या लोकांची साधनं कुठल्याच कंपनीने बनवली नव्हती, कारण गिऱ्हाईक म्हणजे मूठभर वेडे. तरंगण्यासाठी ते क्लोरॉक्सच्या, म्हणजे कपडे पांढरे करायच्या ब्लीचच्या, रिकाम्या बाटल्या उलट्या बांधत आणि रेग्युलेटरमधून त्यात हवा सोडत. माझ्या आजोळच्या डब्याचाच प्रकार. फरक इतका की वर येताना हवा फुगते आणि सोडली नाही तर बाटली माणसाला घेऊन छतावर आदळते. दिव्यासाठी मोटरसायकलची बॅटरी आणि बल्बवर प्रयोगशाळेतली परीक्षानळी. दोरीवर बाहेरची दिशा दाखवायला लुईस होल्ट्झेंडॉर्फ याने चिकटपट्टीची त्रिकोणी घडी घालून खुणा केल्या. त्यांना 'डॉर्फ मार्कर' नाव पडलं. पुढे फॉरेस्ट विल्सनने प्लास्टिकचा बाण काढला, तो आज सगळे वापरतात.

आणि चिमटा. जिथे दोन दोऱ्या मिळतात तिथे प्रत्येक पाणबुड्या परतीच्या बाजूला आपला चिमटा लावतो. अंधारात, गढूळ पाण्यात बोटांना बाण आणि चिमटा वेगळे कळतात. बाण सगळ्यांचा, चिमटा माझा. बाहेर येताना आपापला चिमटा काढून घ्यायचा. मी परत आलो आणि जोडीदाराचा चिमटा अजून दोरीवर असला तर त्याचा अर्थ एकच: तो अजून आत आहे. या कामासाठी दुकानात खास चकत्या मिळतात, त्या चांगल्याही आहेत. पण तुळशीबागेतला चिमटा मोडला तर काय होईल? काही नाही, दुसरा लावायचा. सायकलच्या ट्यूबच्या चकत्या लोंबणाऱ्या नळ्या आवरून धरतात. तुटली तर नळी लोंबेल. कडी थेट धातूला न जोडता दोरीने बांधतात, ती तर मुद्दाम, कारण अडकलो तर सुरीने कापता यावी. टूथपेस्ट नव्या मास्कच्या काचेवरचा कारखान्यातला तेलकट थर घासायला, शॅम्पू धुकं धरू नये म्हणून, मेण पोषाखाच्या चेनला. यातली एकही वस्तू हवेच्या वाटेवर नाही.

हा हिशेब मी नेहमीच पाळला असं मात्र नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या मुख्य दिव्याची ओ-रिंग कापली गेली. ओ-रिंग म्हणजे आपल्या नळातल्या वायसरची सुधारलेली जात. नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश वंशाच्या अमेरिकन माणसाला तिचं पेटंट १९३९ मध्ये मिळालं. शनिवारी बुडी ठरलेली, कंपनीकडून रिंग यायला आठवडा लागणार. मी हार्डवेअरच्या दुकानात, नळाच्या सामानातून, तंतोतंत तशीच दिसणारी रिंग चाळीस सेंटांत आणली. बेसिनमध्ये पाणी भरून तपासलं. एक थेंब आत नाही. मी खूश, आणि बायकोला ती चाळीस सेंटांची गोष्ट दोनदा सांगितली.

त्या रिंगने चार बुड्या काढल्या. पाचव्या वेळी गुहेच्या तोंडापासून बरंच आत असताना दिवा पिवळा झाला, आत पाणी हलताना दिसलं आणि तो विझला. कमरेचा दुसरा दिवा लावला, जोडीदाराला अंगठा वर करून परत फिरण्याची खूण केली आणि दोरी धरून आम्ही बाहेर आलो. तीन दिव्यांचा नियम होता म्हणून गोष्ट एवढ्यावर संपली. पण त्या पाच-सात सेकंदांचा काळोख अजून कधीकधी झोपेत येतो.

घरी येऊन कॅलिपरने मोजलं. मूळ रिंगची जाडी ३ मिलिमीटर. मी आणलेली इंची मापाची, २.६२ मिलिमीटर. खाचेची खोली २.४. म्हणजे मूळ रिंग वीस टक्के दाबली जाते, माझी जेमतेम आठ. रबर दाबून राहिलं की थोडं कायमचं चपटं होतं. वीस टक्क्यांतून ते थोडं गेलं तरी शिल्लक राहते, आठातून गेलं की काहीच उरत नाही. चॅलेंजर यानाच्या १९८६ च्या अपघातात थंडीने कडक झालेली ओ-रिंग वेळेवर पसरली नव्हती, हे मी विद्यार्थ्यांना शिकवताना फळ्यावर काढून दाखवलेलं आहे. त्याच माणसाने बेसिनमध्ये दिवा बुडवून समाधान मानलं.

शेवटी थायलंड. जून २०१८ मध्ये थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पुराने अडकले. २ जुलैला त्यांना शोधलं ते रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन या दोन मध्यमवयीन इंग्रजांनी. हे इंग्लंडच्या गुहांतले हौशी पाणबुडे, स्वतः जुळवलेली साधनं वापरणारे, त्या शेडमधल्या पिढीचे खरे वारस. ६ जुलैला समन कुनान हा थाई नौदलाचा माजी जवान आत टाक्या पोहोचवून परतताना मरण पावला. मुलांना पोहत आणणं शक्य नव्हतं. तेव्हा ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर रिचर्ड हॅरिस यांनी भूल द्यायची, तोंडावर पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घट्ट बसवायचा आणि सामानासारखं बाहेर आणायचं असं ठरलं. भुलीतून जागं होऊन मुलाने मास्क ओढू नये म्हणून हात मागे बांधायचे. कशाने? विजेच्या तारा आवळायच्या प्लास्टिकच्या पट्ट्याने. स्थानिक मुलांवर शाळेच्या तलावात आधी रंगीत तालीम झाली. मास्क मात्र घरगुती नव्हते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवणारे मास्क होते, म्हणजे फट राहिली तरी पाणी आत न येता हवा बाहेर जाईल. ८ ते १० जुलैमध्ये तेराही जण बाहेर आले. गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ भारतातून गेले होते, आणि गरज लागलीच तर पाठवायला किर्लोस्करवाडीत पंप तयार ठेवले होते, ही बातमी त्या दिवसांत आपल्या अनेक घरांत वाचली गेली असेल.

हे सगळं मी आईंना दोन-तीन संध्याकाळी मिळून सांगितलं. त्यांनी फक्त चिमट्यांचा भाग लक्षात ठेवला. ऑक्टोबरमध्ये त्या परत गेल्या. आता ज्या शनिवारी मी गुहेत जातो, त्या रात्री त्यांचा पुण्याहून फोन येतो. तिकडे रविवारची सकाळ असते. हवापाणी, मुलांचा अभ्यास, गुडघा, सगळं झाल्यावर फोन माझ्याकडे द्यायला सांगतात आणि विचारतात, "बारा आहेत ना?" मी पिशवी उघडून खरोखर मोजतो, आणि मग सांगतो.